दुसऱ्या पंगतीची आंबील

१

सोमवारी दुपारी जोतीराम कुंभाराचा गुंडा गेला. चार वर्षांचं पोर. मार्गशीर्षातल्या भूकंपात घराचं आढं कोसळलं तेव्हा मातीच्या ढिगाऱ्यातून जिवंत निघालं, आणि फाल्गुनात वाटीभर आंबिलीनं गेलं.

सकाळी मंडळाच्या अन्नछत्रात नेहमीसारख्या दोन पंगती बसल्या होत्या. पहिली पंगत जेवून उठली आणि कामाला लागली. दुसरीतली सतरा माणसं तासाभरात पोट धरून ओकायला बसली. सोळा उठली. गुंडा उठला नाही. शिराळ्याचा डॉक्टर बैलगाडीतून आला, अन्नातून विष गेलं एवढं बोलला आणि परत गेला. फौजदार भूमिगतांच्या मागे रानोमाळ हिंडत होता; त्याला पांढरखडी गावासाठी वेळ नव्हता आणि पांढरखडीलाही तो दारात नको होता.

मग न्याय गावानंच केला. आंबिलीत ताक होतं आणि ताक राहीबाईचं होतं. भूकंपातून तिच्या दोन म्हशी वाचल्या होत्या. विधवा बाई, पोटी मूल नाही, दुसऱ्याच्या पोरांकडं बघायची तिची नजर चांगली नाही, असं काल-परवापर्यंत तिच्या ताकावर जगलेल्या बायाच म्हणू लागल्या. गुरुवारी पंच बसणार आणि राहीबाईला गावाबाहेर काढणार, हे सोमवारी संध्याकाळीच ठरल्यात जमा होतं. म्हशी मात्र गावात राहतील, असंही कुणीतरी सुचवून ठेवलं होतं.

प्रभावतीला हे शाळेच्या ओसरीवर कळलं. सांगलीच्या भूकंप साहाय्य मंडळानं तिला इथं ठेवलं होतं. कॉलेजात शिकलेली, जैन घरातली सून, कडेवर दहा महिन्यांची शालन. सासू म्हणाली होती, तान्हं पोर घेऊन मोडक्या गावात कशाला मरायला जातेस. ती आली होती, कारण मंडळाचं सगळं धोरण तिनंच लिहून दिलं होतं. गावाला भीक घालायची नाही. गावात जे पिकतं ते गावातच विकत घ्यायचं, कारागिराला कच्चा माल द्यायचा आणि हात चालू ठेवायचे. कुंभाराला सरपण, लोहाराला लोखंड, तांबटाला कथील. युद्धामुळं मलायाचं कथील बंद झालं होतं. मूठभर कांड्यांसाठी तिनं सांगलीत किती उंबरे झिजवले होते ते तिलाच ठाऊक.

रोज सकाळी शालनच्या तोंडात आंबिलीची दोन बोटं तीही घालत असे. सोमवारी पोर झोपलेलं होतं, एवढंच.

रात्रभर ती शालनच्या छातीवर हात ठेवून बसली. उजाडताच उठली ती एकच गोष्ट मनात धरून. ताक वाईट असेल तर ते पहिल्या पंगतीला कसं पचलं?

२

अन्नछत्रात चूल सांभाळणारी धोंडुबाई रडून रडून घोगरी झाली होती. तिनं जे सांगितलं त्यात लपवाछपवी नव्हती. रविवारी संध्याकाळी ज्वारीचं पीठ आणि राहीबाईचं ताक एकाच कढईत शिजवलं. सकाळी आंबट व्हावं म्हणून मुरत ठेवायचं. रोज दोन मातीचे डेरे असायचे. त्या दिवशी एकाला चीर गेलेली निघाली. जोतीरामाची भट्टी भूकंपात फुटली होती, नवी अजून तापली नव्हती. म्हणून अर्धी आंबील डेऱ्यात आणि अर्धी तांब्याच्या हंड्यात.

"तांब्यात?" प्रभावतीनं विचारलं.

"कल्हई चार दिसांची हुती बाई. नाथाजी तांबटानं केल्याली. तांब्यात ताक कळकतं, इख हुतं, ह्ये काय मला कळत न्हाई व्हय? लख्ख कल्हई बघूनच वतलं मी."

पहिली पंगत डेऱ्यातून वाढली होती आणि दुसरी हंड्यातून. गुंडाला तळचं दाट आवडायचं, म्हणून त्याला दोनदा खरवडून वाढलं होतं. हे सांगताना धोंडुबाईनं पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या पंगतीतल्या लोकांनी आंबील जरा तुरट लागल्याचं सांगितलं. तरी खाल्ली. भुकेल्या माणसाला तुरट काय नि गोड काय.

प्रभावती शाळेमागं गेली. तिच्याच सासरहून आलेले दोन जोडीचे हंडे. एक पिण्याच्या पाण्याचा, तो ओसरीत होता, आणि दुसरा हा, भिंतीला टेकवलेला. भीतीनं त्याला कुणी हात लावला नव्हता. निदान धोंडुबाई तसं म्हणत होती.

तिनं हंडा उन्हाकडं कलता केला आणि आत डोकं घातलं. आंबिलीचा कण नव्हता. खांद्यापासून बुडापर्यंत आतून पांढराशुभ्र, जागोजागी कथलाचे जाड ओघळ, गोळे. आणि डोळ्यांत पाणी आणणारा एक झणझणीत वास. लहानपणी कल्हईवाला दारी यायचा तेव्हा हाच वास अंगणभर पसरायचा. तापल्या भांड्यावर टाकलेल्या नवसागराचा.

चार दिवसांत हा वास उडून गेला असता. ज्या भांड्यातून पोराला विष झालं, त्याला त्यानंतर कुणीतरी पुन्हा कल्हई केली होती.

३

केव्हा केली, हे शोधायला फार लागलं नाही. सोमवारी दिवेलागणीच्या आधी सगळा गाव गुंडाला पुरायला ओढ्याकडं गेला होता. हंडा हलवायला आणि भाता चालवायला तेवढा वेळ पुरे. आणि गावात चालता भाता आता एकाच घरी उरला होता.

नाथाजी तांबटाचं घर म्हणजे चार मेढी आणि वर मंडळाचं तरट. साठीचा माणूस, कल्हईत चाळीस वर्षं गेलेली. भूकंपात डोक्याला वासा लागला होता. तो दोन महिने पडून होता आणि मग उठून कामाला लागला म्हणून मंडळाच्या अहवालात त्याचं नाव प्रभावतीनं कौतुकानं लिहिलं होतं.

शालनला ती धोंडुबाईपाशी ठेवून आली होती. मोकळ्या हातांनी ती तरटाखाली वाकली, तसा नाथाजी बसल्या जागी सावरून बसला.

"या बाई. पोरीच्या डोस्क्यावर पदर घ्या, आज ऊन लय हाय."

नेहमी पोर कडेवर असतं, सवयीनं बोलला असेल. तिनं हंड्याचं विचारलं. नाथाजी म्हणाला की पुन्हा कल्हई त्यानं केलेली नाही, विठोबाच्या पायाची शपथ. त्याला शपथ घेताना चेहरा लपवावा लागला नाही, हे तिनं टिपलं. सोमवारी तो ओढ्यावर होता. जोतीरामाच्या भावानं हात धरून नेलं होतं, पाच माणसांनी पाहिलं होतं.

"मालच खोटा आसंल तर?" तो म्हणाला. "कथलाच्या जागी शिसं मिसळून दिलं तर माझ्या हातानं काय व्हायचं? कोठी लालासायबाकडं हाय. त्येला इचारा."

त्याची बायको मनुबाई मागं भाकरी थापत होती. उजव्या हाताची तीन बोटं फोडांनी भरलेली. प्रभावतीची नजर तिथं गेली तसा मनुबाईनं हात पिठात दडवला आणि न विचारताच सांगितलं की तव्यावर भाजलं.

चाळीस वर्षं रोज भाकरी करणारी बाई तव्यावर तीन बोटं एकदम भाजून घेत नाही. पण तेव्हा प्रभावतीचं डोकं शिशात अडकलं होतं. ती कोठीकडं वळली.

४

लालासाहेब गावचा मोठा बागायतदार. त्याचा वाडा निम्मा उभा होता म्हणून मंडळानं कोठी तिथं ठेवली. राहीबाईऐवजी आपल्या गोठ्यातलं दूध-ताक मंडळानं घ्यावं म्हणून तो दोनदा सांगलीला जाऊन आला होता. राहीबाई गावाबाहेर गेली तर फायदा कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यानं तिला बसायला घोंगडी टाकली आणि बोलण्यात काटे पेरले. शिकलेल्या बायांना सगळीकडं चोर दिसतात असं ऐकून होतो, म्हणाला, आज बघितलं. शिसं मिसळलं असा संशय आहे म्हटल्यावर त्यानं स्वतः पेटी उघडून उरलेल्या कांड्या तिच्यासमोर ठेवल्या.

तिनं एक कांडी उचलून कागदावर ओढली. शिसं पेन्सिलीसारखं करडी रेघ उमटवतं. कागद कोरा राहिला. मग कांडी कानाजवळ धरून वाकवली. आत काहीतरी करकरलं, कोवळी काडी दाताखाली यावी तसं. शिसं मुकं असतं. कथील वाकताना रडतं, हे नाथाजीनंच अंथरुणातून उठून कामाला लागला त्या दिवशी तिला हौसेनं ऐकवलं होतं. एकूण एक कांडी तिनं वाकवून पाहिली. एकूण एक रडली.

"समाधान झालं?" लालासाहेब म्हणाला. "आता ऐका. रागानं न्हाई सांगत. कोण खरं, कोण खोटं, ह्याच्याशी गावाला देणं न्हाई. पोर मेलंय. कुणीतरी एक पाहिजे. राहीबाईच्या मागं रडणारं कुणी न्हाई, म्हणून ती."

इतका नालायक माणूस इतकं खरं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. दाराबाहेर येऊन ती उन्हात उभी राहिली. ताक चांगलं होतं आणि कथीलही अस्सल. कल्हई करणारा हात पंचक्रोशीत पहिला. मग आंबील कळकली कशानं?

पहिली कल्हई कशी होती, हे सांगणारं भांडं तर पुन्हा माखून टाकलेलं. आणि एकाएकी तिला आठवलं की हंडे दोन होते.

५

ओसरीतला पाण्याचा हंडा तिनं बुधवारी सकाळी रिकामा केला. एकाच दिवशी, एकाच कथलानं, एकाच हातानं कल्हई झालेला जोड. पाणी तांब्यात आंबट ताकासारखं कळकत नाही, म्हणून त्याचा कुणाला त्रास झाला नव्हता आणि त्याच्याकडं कुणी पाहिलंही नव्हतं.

तोंडातून पाहिलं तर आत लख्ख. पण हंड्याचा खांदा रुंद, पोटात अंधार. तिनं शाळेतला आरसा घेतला, दारातलं ऊन त्यात पकडलं आणि आत सोडलं.

बुडापासून एका अंगाला, वीतभर लांब, चंद्रकोरीसारखी जागा तशीच लाल होती. काठाला हिरवी साय धरलेली. उरलेली कल्हई काय देखणी! एकसारखी, पातळ, पापुद्र्यासारखी. ओघळ नाही, गोळा नाही. नाथाजीचाच हात. शाळेमागचा हंडा मात्र कुणा शिकाऊ हातानं माखलेला.

ती ओसरीवर बसली आणि एकेक धागा ओढू लागली. उत्तम कारागीर एवढी मोठी जागा सोडतो, तेही दोन्ही हंड्यांत. घाई म्हणावी तर बाकीचं काम इतकं निगुतीनं का? चुकारपणा म्हणावा तर कथील वाचवून ठेवलेलं नाही. हिशेबानं दिलेली कांडी पुरी वापरली होती. जागा सोडली नव्हती. जागा राहिली होती. आणि राहिली आहे हे करणाऱ्याला कळलं नव्हतं.

पोरीच्या डोक्यावर पदर घ्या.

पोर तिच्याकडं नव्हतंच. ती दोन्ही हात मोकळे सोडून त्याच्यासमोर, भर दुपारी, चार हातांवर उभी होती.

ती उठली. नाथाजी एकटाच तरटाखाली होता. या खेपेला ती चपला काढून, बांगड्या मुठीत धरून गेली. त्याच्या तोंडापुढं कथलाची कांडी धरली आणि थांबली. तो समोर बघत होता. पापणी हलली नाही. कांडी तिनं बोटांत वाकवली. ती करकरली आणि नाथाजीचं तोंड पांढरं पडलं.

"बाई?" तो म्हणाला. "कवाधरनं उभ्या हाईसा?"

६

बोलली ती मनुबाई. पाण्याची घागर घेऊन येताना तिनं दोघांना पाहिलं आणि सगळं ओळखलं.

वासा लागल्यापासून नजर उतरत गेली होती. माघात उजेड-अंधार तेवढा कळायचा, नंतर तोही नाही. कल्हई करताना ती शेजारी बसायची, डावीकडं राहिलंय, बुडाला राहिलंय, असं हलक्या आवाजात सांगायची आणि त्याचा बोळा तिच्या शब्दावर फिरायचा. असं दीड महिना चाललं. एक भांडं चुकलं नाही.

"त्या दिशी मी न्हवते," ती म्हणाली.

कुठं होतीस, हे प्रभावतीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. शिराळ्याला कापडाचं रेशन आणायला चार बायांना तिनंच धाडलं होतं आणि त्यात मनुबाई होती. आणि सांगलीचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार म्हणून दोन्ही हंडे संध्याकाळच्या आत लख्ख झालेच पाहिजेत, हा निरोपही तिचाच. नाथाजीनं नाही म्हटलं नव्हतं. एकट्यानं केले.

सोमवारी माणसं ओकायला लागली, तेव्हा मनुबाईनं जाऊन हंड्यात हात घातला. बोटांना राहिलेली जागा लागली. सगळे ओढ्यावर गेल्यावर तिनं भूकंपाआधीचं उरलंसुरलं कथील काढलं आणि नवऱ्याला नकळत स्वतः भाता चालवला.

"राहीबाईचं काय होणार ते तुला दिसत होतं," प्रभावती म्हणाली.

"दिसत हुतं." मनुबाईनं मान खाली घातली नाही. "तुमचा कागद शाळंच्या भिंतीला हाय. काम करंल त्यालाच माल, माल घील त्यालाच शिधा. आंधळ्या तांबटाला काय दिलं असतंसा बाई? सांगा की."

प्रभावतीनं उत्तर शोधलं. शहाणपणाची पुष्कळ उत्तरं होती. आधी सांगायचं, वाट काढली असती, मंडळ काय राक्षस आहे का. त्यातलं एकही खरं नव्हतं. पौषात लोहाराचा हात तुटला होता. तो उघडपणे सांगायला आला, तेव्हा तिनंच त्याचं नाव यादीतून काढलं होतं. नियम म्हणजे नियम, असं समजावून सांगितलं होतं, शक्य तितक्या गोड शब्दांत. लोहार मनुबाईच्या शेजारीच राहत होता.

७

गुरुवारी शाळेच्या पटांगणात पंच बसले. प्रभावतीनं दोन्ही हंडे मध्ये मांडले, आरसा फिरवला, एकेकाला वाकून आत पाहायला लावलं. मग डेरा नि हंडा, पहिली पंगत नि दुसरी, कथील नि शिसं, सगळं ओळीनं सांगितलं. नाथाजीचं नावही तिनं घेतलं. न घेता राहीबाई सुटत नव्हती. नियम आपण लिहिला आणि निरोपही आपणच धाडला, हेही सांगितलं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मोठ्या माणसांनी असं बोलायची रीत असते, असं पंचांना वाटलं असावं.

राहीबाई निर्दोष ठरली. तिची माफी मागावी असं कुणाला सुचलं नाही. ती उठली, अन्नछत्रातली आपली रवी आणि ताकाचं मडकं उचललं आणि बायांच्या मधून वाट काढत गेली. प्रभावती मागं धावली, म्हणाली, उद्यापासून ताक पूर्वीसारखं घेऊ. राहीबाई थांबली.

"घ्याल. पर पिणार कोण?" ती म्हणाली. "मी निर्दोष हाय ह्ये त्यांच्या डोस्क्याला कळलं, बाई. जिभंला न्हाई कळायचं."

ते खरं की खोटं, हे पाहायची वेळच आली नाही. शनिवारी तिच्या अहवालावर सांगलीहून पत्र आलं. कारागिरांनी मंडळाची फसवणूक केल्याचं निदर्शनास आल्यामुळं पांढरखडीचं काम बंद करण्यात येत आहे. श्रीमती प्रभावतीबाईंच्या दक्षतेबद्दल आभार. लालासाहेबानं पत्र चारचौघांत वाचून दाखवलं. आभाराची ओळ त्यानं दोनदा वाचली.

निघायच्या दिवशी ती जोतीरामाकडं गेली. त्याची नवी भट्टी त्या आठवड्यातच तापली होती. दारात डेऱ्यांची उतरंड लागलेली, आता घ्यायला कुणी नाही. तो एक डेरा मांडीवर घेऊन बोटांनी वाजवत होता. एकालाही चीर नव्हती.

ती कडेवरच्या शालनला सावरत उभी राहिली. आधी तोच बोलला.

"तीन दिस राहीबाईला शिव्या देत हुतो. लय बरं वाटायचं. घास जायचा गळ्याखाली. तुमी त्योबी आधार काढून न्हेला. आता त्या आंधळ्याला काय शिव्या देऊ?"

"मला द्या," प्रभावती म्हणाली. "मनापासून सांगते. कागद माझा, निरोप माझा. मला द्या."

जोतीरामानं डेरा खाली ठेवला. तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावर लाळ गाळत हसणाऱ्या पोरीकडं पाहिलं.

"पोर हाय कडंवर," तो म्हणाला. "तिला तितं खाली ठिवा. मग देतो."

मोटारीला वेळ होता. प्रभावती जागची हलली नाही. शालनला तिनं खाली ठेवलं नाही.